गुडघ्याला लागणारा कठडा

आमच्या घरात पोळपाट एक होता आणि फूटपट्ट्या चार. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि मोजल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसायचा नाही. आई खिडकीच्या पडद्याचं कापड नुसत्या नजरेनं अंदाज घेऊन टर्रकन फाडायची आणि अण्णा मागून पट्टी घेऊन यायचे. आईचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा, पण तो बरोबर आहे हे पट्टीनं सांगेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. "भाकरीला पण लावा की पट्टी," आई म्हणायची, "एखादी वाकडी गेली असेल तर परत थापते." तिचं माहेर अक्कलकोटकडचं. साधा राग मराठीत यायचा, खरा राग आला की कानडी सुरू व्हायची. अण्णांना कानडी येत नव्हती, त्यामुळे त्यांचा संसार सुखाचा झाला असं आई पुढे म्हातारपणी सांगायची.

पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा. त्याच्यामागोमाग शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरात माग खटखटायला लागायचा, आणि त्या खटखटीच्या तालावरच जणू आई भाकऱ्या थापायची. ज्वारीची भाकरी, उखळात कुटलेली शेंगांची चटणी, कांदा, आणि उन्हाळ्यात ताकातल्या ज्वारीच्या कण्या. सणाला हुग्गी, म्हणजे गुळातली गव्हाची खीर. भाकरी उरली तर आई ती उन्हात वाळवून कडक करून ठेवायची आणि मी ती दिवसभर कुडुमकुडुम खात फिरायची. आता दात नाहीत, पण कडक भाकरीचा तो आवाज मला अजून कुणी ती खात दारावरून गेलं तरी ओळखू येईल.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि घरीच होते. मुलींची शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली की पाटी-दप्तर माळ्यावर. वर्षभर मी घरात बसून आईला एवढे प्रश्न विचारले की ती टेकीला आली. ताक घुसळताना लोणी वरच का येतं, खाली का नाही? गिरणीचा भोंगा वाऱ्याच्या दिवशी लांबून का ऐकू येतो? शेवटी तिनं अण्णांचा दुपारचा डबा शाळेत नेऊन द्यायचं काम माझ्या गळ्यात घातलं. "जा, तिकडे विचार. ते पगार घेतात त्याचा," ती म्हणाली. मला तेवढंच हवं होतं.

शाळेची इमारत फार जुनी होती. कुणा जहागीरदाराचं ते धान्याचं कोठार, असं म्हणत. भिंती दगडी, दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या जाड, आणि खिडक्या म्हणाव्यात तर मांजर जाईल एवढ्याच. धान्याला उजेड नको असतो, मुलांना हवा असतो, एवढाच काय तो फरक. पण तो कुणाच्या लक्षात आलेला नव्हता. मधल्या लांब दालनात तीन वर्ग भरायचे आणि ढगाळ दिवशी मुलं पाट्या घेऊन दाराशी जाऊन वाचायची. वर छताला सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर माती, म्हणजे आपल्याकडचं नेहमीचं माळवद. भिंतीच्या पोटातून एक अरुंद दगडी जिना वर माळवदावर गेलेला होता. मुलींनी त्या जिन्यानं वर जायचं नाही, असा नियम होता. का, ते मी विचारलं होतं. "नाही म्हणजे नाही," असं उत्तर मिळालं. ते उत्तर नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या वर्षी नवे हेडमास्तर आले. ते पुण्याकडचे, बारीक चणीचे, भरभर चालणारे. आल्या आल्या त्यांनी कपाट उघडलं आणि आतून एक लाकडी पेटी काढली. त्या पेटीत सूक्ष्मदर्शक होता. कुण्या साहेबानं बदली होऊन जाताना शाळेला दिलेला. "हा कधी वापरता?" हेडमास्तरांनी विचारलं. शिपाई अभिमानानं म्हणाला, "दरसाल खंडेनवमीला. पूजा करतो की!" आणि खरंच, त्याच्या भिंगावर हळदीकुंकवाचा थर बसलेला होता. पितळेवर गंध, नळीवर झेंडूची वाळलेली पाकळी. हेडमास्तरांनी तो रुमालानं पुसला आणि दालनात नेऊन टेबलावर मांडला. पण त्याच्या खालच्या आरशाला पकडायला उजेडच मिळेना. इकडे नेला, तिकडे नेला, दाराशी नेला तर मुलांची गर्दी. मी डबा घेऊन तिथं उभी होते. "सर, याच्यातून काय दिसतं?" मी विचारलं. ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खोली झाली की तूच बघ."

खोली म्हणजे वरची खोली. हेडमास्तरांच्या डोक्यात ती आल्या दिवसापासून होती. खाली खिडक्या मोठ्या करायच्या आणि माळवदावर एक लांब, चारी बाजूंनी खिडक्यांची खोली चढवायची. तिच्या अर्ध्या भागात विज्ञानाचे प्रयोग आणि उरलेल्या अर्ध्यात मुलींचा पाचवीपासूनचा वर्ग. मुलांच्या वर्गात मुली बसवायला कमिटीची तयारी नव्हती, पण वेगळी खोली असेल तर हरकत नाही, असं कमिटीचे अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले होते. नकाशा काढायचं काम अण्णांकडे आलं. इतक्या वर्षांत आंबे आणि मोरपिसं काढून घेणाऱ्या माणसाला कुणीतरी खरी इमारत काढायला सांगितली होती. घरी रात्रंदिवस तो एकच कागद पसरलेला. आई त्याला ओलांडून जायची आणि प्रत्येक वेळी वाकून कागदाला नमस्कार करायची.

माझ्यासाठी त्या कागदावर एक चौकोन होता. बाकी सगळे चौकोन काळ्या शाईचे, हा निळ्या पेन्सिलीचा. "ही तुझी," अण्णा म्हणाले होते. तिकडे माहेरहून आईच्या भावाचं पत्र आलं होतं, मुलगा चांगला आहे, घर खाऊनपिऊन सुखी आहे, पोरीला अजून किती दिवस घरात बसवून ठेवता. अण्णांनी उत्तर लिहिलं, की जूनमध्ये ती शाळेत जाणार आहे, तेव्हा सध्या विषय नको. म्हणजे खोली झाली तर शाळा आणि नाही झाली तर मामाचं पत्र, इतका साधा हिशेब होता. मी रोज निजण्यापूर्वी तो निळा चौकोन बघायची.

आता त्या मातीबद्दल सांगायला हवं. अण्णा स्वतः याच शाळेत शिकलेले. त्यांच्या लहानपणी एका पावसाळ्यात माळवद इतकं गळलं की शाळा आठ दिवस बंद ठेवावी लागली. तेव्हा शाळेची शेवटची, फायनल परीक्षा पास झालेल्या मुलांनी आपापल्या गावच्या पांढरीची माती आणून वर टाकली. पांढरी म्हणजे गावठाणाची जुनी, चिकट, पांढुरकी माती. तिच्यातून पाणी उतरत नाही. तेव्हापासून रिवाजच पडला. फायनल पास झालेल्या प्रत्येक मुलानं पावसाच्या तोंडाशी आपल्या गावची माती आणायची. पहिल्या आलेल्याची टोपली पहिली. कुणी वळसंगहून आणायचा, कुणी मोहोळहून. ज्यांच्या घरी बैल होते ते गाडी भरून आणायचे आणि मास्तर त्यांना शाबासकी द्यायचे. ज्याची माती शाळेच्या डोक्यावर, त्याच्या डोक्यात विद्या टिकते, असं म्हणायचे. अण्णांची टोपली वर होती, वकीलसाहेबांची होती, तालुक्यातल्या निम्म्या तलाठ्यांची होती. माती पसरून, पाणी मारून, चोपण्यानं चोपून झाली की अण्णा वर उभे राहून मुलांना दरवर्षी तेच सांगायचे. मी खालून ऐकून पाठ केलं होतं. "मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा हा कठडा माझ्या छातीला लागायचा. आता बघा, गुडघ्यालाही धड पोचत नाही. एवढं वाढवलं आपल्याला या शाळेनं!" आणि मुलं टाळ्या वाजवायची. वकीलसाहेब आले असतील तर तेही कठड्याशी उभे राहून मान डोलवायचे.

फाल्गुनातली दुपार होती. मुलं बाहेर लिंबाखाली डबे खात होती, अण्णा हेडमास्तरांच्या खोलीत. जिन्याच्या दाराला नुसती कडी होती. मला माझी खोली कुठं होणार ते बघायचं होतं, दुसरं काही नाही. मी कडी काढली आणि वर गेले. पायऱ्या मोजत गेले; पायऱ्या मोजल्याशिवाय मी कधीच चढत नाही, आजही नाही, आणि आज तर त्या मोजायला भरपूर वेळ मिळतो. एकोणीस दगडी पायऱ्या झाल्या. मग तीन पायऱ्या मातीच्या लागल्या, हातानं थापून केलेल्या. वर लख्ख ऊन होतं, गिरण्यांच्या चिमण्या दिसत होत्या, तलाव दिसत होता. मी माझ्या खोलीच्या खिडकीच्या जागी उभी राहिले, आणि कठडा माझ्या गुडघ्याला लागला.

मी खाली बघितलं. पुन्हा ताठ उभी राहिले. मी अकरा वर्षांची होते. अण्णा अकरा वर्षांचे असताना तो त्यांच्या छातीला लागत होता. माझा पहिला विचार अगदी सरळ होता: अण्णा लहानपणी एवढेसे होते की काय?

त्या संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "अण्णा, अकराव्या वर्षी तुम्ही केवढे होता?"

"तुझ्याएवढाच असेन. का गं?"

"काही नाही. सहज."

"हिचं सहज मला माहीत आहे," आई म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी मी डब्याबरोबर अण्णांची एक फूटपट्टी परकराच्या ओच्यात लपवून नेली. दालनात जळमटं काढायचा एक लांब बांबू होता. तो उभा करून छताच्या फळीला टेकवला, जमिनीपासून मोजला. साडेआठ हात. मग जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. प्रत्येक पायरी बरोबर वीतभर, दोन पायऱ्यांचा एक हात. दगडी पायऱ्या एकोणीस, म्हणजे साडेनऊ हात. साडेनऊमधून साडेआठ गेले की एक हात राहतो. अण्णांच्या नकाशावर माळवदाची जाडी एक हातच लिहिलेली होती, ती त्यांनी जुन्या कागदावरून घेतली होती. पण त्या तीन मातीच्या पायऱ्या? त्या धरल्या तर अकरा हात होतात. म्हणजे आमच्या डोक्यावर एक हात नव्हे, अडीच हात माती होती. माती वर चढत गेली तशी मुलांनी पायरीवर पायरी थापली होती, आणि वर्षानुवर्षं त्या पायऱ्या चढून जाणाऱ्या एकालाही ही पायरी कुठून आली असं वाटलं नव्हतं. कठडा होता तिथंच होता. माती वाढली होती. अण्णांनी त्या इमारतीची भिंत मोजली, दार मोजलं, खिडकीचा कोनाडा मोजला. माती मात्र मोजली नाही, कारण ती त्यांच्या स्वतःच्या हातची होती.

मला इतका आनंद झाला की मी त्या जिन्यात एकटीच हसले. आपल्याला काहीतरी कळलं आहे आणि ते जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, हे सुख काय असतं ते मला तिथं समजलं. मी धावत खाली आले. दालनात गवंडी यल्लप्पा तुळयांकडे मान वर करून बघत होता. काम त्यानंच करायचं होतं. पन्नाशीचा, काळा, डोळे मिचकावून बघायची सवय.

"यल्लप्पामामा, वर खोलीचं वजन पेलेल का हे?" मी विचारलं.

"भित्ती दगडाच्या हायत्या, काय बी पेलतील," तो म्हणाला. "तुळया मातूर म्हाताऱ्या झाल्या. पर वर माती हातभरच हाय म्हनून मास्तरांनी लिवलंय, मग चालतंय की."

"आणि जास्त असती तर?"

"तर म्या हातच लावला नसता, पोरी. वर खोली आन् खाली पोरं? न्हाय बा."

माझा आनंद कुठल्या कुठं गेला. खोली झाली नाही तर काय होतं ते मला पाठ होतं. मी फूटपट्टी ओच्यात खुपसली, रिकामा डबा घेतला आणि घरी आले. त्या दिवशी आईनं हुग्गी केली होती, ती मला गोड लागली नाही.

मी चार दिवस गप्प बसले. लहान होते, कळत नव्हतं, अशी सूट मी मागणार नाही. मला सगळं कळत होतं. चार दिवस मी डबा घेऊन जायची, वर तुळयांकडे बघायची आणि खाली बसलेल्या मुलांची डोकी मोजायची. स्वतःला समजवायची, की एवढी वर्षं पेललंय तर पुढेही पेलेल. पहिल्या तुळईखाली शेजारच्या विणकरांचा नागेश बसायचा. तो मला चिंचा द्यायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं चिंच पुढे केली तर मी घेतली नाही. मला त्याचा रागच आला, तो त्याच तुळईखाली का बसतो म्हणून.

पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा अण्णा एकटेच दालनात स्टुलावर चढून तुळईवर खडूनं खुणा करत होते. मोठ्या खिडक्यांसाठी आधार कुठं द्यायचे त्याच्या. फळ्यांच्या फटीतून चिमूटभर माती त्यांच्या टोपीवर पडली. त्यांनी टोपी झटकली, परत घातली आणि शीळ घालत पुढची खूण केली. अण्णांना मी त्याआधी शीळ घालताना कधी ऐकलं नव्हतं. मला रडू फुटलं.

"वर अडीच हात माती आहे," मी म्हटलं. "मी मोजली."

ते खाली उतरले. मी सगळं सांगितलं, बांबू, पायऱ्या, कठडा, चार दिवस. वर चोरून गेले होते तेही. मला वाटलं थोबाडीत बसणार. पण अण्णांनी स्टूल बाजूला सारलं. जिन्याकडे गेले, मी मागून. मातीच्या तीन पायऱ्यांशी ते थांबले आणि वाकून त्यांना हात लावला. वर गेल्यावर कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि आपल्या गुडघ्याकडे बघितलं. ऊन चटचटत होतं आणि ते अनवाणी होते.

"दरवर्षी," ते स्वतःशीच म्हणाले. "दरवर्षी मी इथं उभा राहून भाषण ठोकतो."

तिसऱ्या प्रहरी यल्लप्पाला बोलावलं. त्यानं माळवदाच्या मधोमध पहार घातली. एक हात खोल गेली. दीड हात गेली. वकीलसाहेब कोर्टातून काळ्या कोटातच आले होते, त्यांनी छत्री मिटली. दोन हातांवर पहार गेली तेव्हा यल्लप्पानं पहार सोडून कपाळाला हात लावला. मग त्यानं कुदळीनं खड्डा कापला आणि त्याची कड मला आजही स्वच्छ दिसते. थरावर थर होते. पांढरा, राखाडी, लालसर, पुन्हा पांढरा, एक काळाभोर. कुठल्या वर्षी कुठल्या गावचा मुलगा पहिला आला ते सगळं त्या कडेत लिहिलेलं होतं. मी सगळं विसरून गुडघ्यांवर बसले आणि थर मोजायला लागले. हेडमास्तरही माझ्याशेजारी बसले. "हा काळा कुठला?" त्यांनी विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, "तो आमच्या गावचा. आमच्याकडं पांढरी नाही," आणि ते ओशाळून हसले.

संध्याकाळी तिथंच, माळवदावर कमिटी बसली. वकीलसाहेबांनी विचारलं, "मास्तर, चूक कशी झाली?" अण्णा उभे राहिले. मला वाटलं ते जुन्या कागदाचं नाव सांगतील, तो कागद सरकारी होता. ते म्हणाले, "चुकीचं माप माझं. बरोबर माप माझ्या मुलीनं घेतलं." एवढंच बोलून ते खाली बसले आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले. वरच्या खोलीचा विषय तिथं संपला. माती उतरवायची ठरली. निळ्या चौकोनाबद्दल कुणी बोललं नाही, मीही नाही. घरी आल्यावर आईनं अण्णांना पाय धुवायला गरम पाणी दिलं. रात्री तिनं मला कुशीत घेतलं आणि कानडीत काहीतरी म्हणाली. तेव्हा मला कळलं की ती कानडी नेहमी रागातच बोलते असं नाही.

माती उतरवायच्या दिवशी बातमी पसरली होती आणि जुने विद्यार्थी जमले होते. तलाठी, कारकून, दुकानदार, एक तर कुर्डुवाडीहून रेल्वेची रजा काढून आलेला. सगळे वर, आणि सगळे हात बांधून उभे. विद्येची माती उतरवायची म्हणजे काय? ज्याची माती उतरली त्याची विद्या उतरली. यल्लप्पाचे गडीसुद्धा टोपल्या घेऊन मागं सरले. "पयला हात तुमच्यापैकी कुनी तरी लावा," यल्लप्पा म्हणाला, "मग आमी लागतो कामाला." वकीलसाहेब दुसरीकडे बघायला लागले. इतके शिकलेले लोक, आणि एका टोपलीला घाबरत होते. मला हसू येत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं.

अण्णांनी फावडं घेतलं. टोपली अर्धी भरली. मग इकडे तिकडे बघून त्यांनी मला हाक मारली आणि चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली.

"मास्तर, मुलगी आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"ती वर आली म्हणून तर कळलं," अण्णा म्हणाले आणि टोपली माझ्या डोक्यावर दिली. "जपून उतर. पायऱ्या मोजत जा."

मी उतरले. बावीस. खाली अंगणात टोपली रिकामी केली आणि मागे वळून बघितलं तर वकीलसाहेब कोट काढून, धोतर खोचून दुसरी टोपली घेऊन जिन्यातून येत होते. मग रांगच लागली. माझी विद्या काही उतरली नाही, उलट तिथूनच चढायला लागली असं मी पुढे माझ्या वर्गातल्या मुलींना सांगायची.

चार दिवसांत अंगणात मातीची टेकडी झाली. ती टाकायची कुठं, हा प्रश्न. यल्लप्पा डोकं खाजवत म्हणाला, "टाकायची कशाला सायेब? हितंच जोतं भरा की. वर न्हाय तर खाली खोली. भराव फुकट मिळतोय." इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती. हेडमास्तर पावलं टाकत अंगण मोजायला लागले. अण्णा नकाशाची गुंडाळी आणायला धावले. लिंबाच्या पलीकडे उत्तरेच्या अंगाला, पत्र्याच्या छपराची, मोठाल्या खिडक्यांची एक खोली. अर्धी विज्ञानाची, अर्धी मुलींची. त्या खोलीत मी शिकले आणि पुढे तीस वर्षं तिथंच शिकवलं. तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिली ठेवली ती माळवदाची चिमूटभर माती, आणि तिच्यात मला जे दिसलं त्याचं एक वेगळंच प्रकरण होईल. माझा नातू इंजिनियर आहे. तो म्हणतो, आजी, आधी माती दाबून, पाणी मारून, वर्षभर बसू द्यायला हवी होती. बरोबर आहे त्याचं. खोलीची एक भिंत तडकली होती, आम्ही तिथं नकाशा टांगला.

पण मला सांगायचं आहे ते शेवटच्या दिवसाचं. माती सगळी उतरली होती, फक्त खालचा हातभर जुना थर राहिला होता. मातीच्या तीन पायऱ्या यल्लप्पानं कुदळीनं काढून टाकल्या होत्या. संध्याकाळी अण्णा मला घेऊन वर गेले. एकोणीस पायऱ्या. खाली अंगणात गडी जोत्यात माती चोपत होते, त्याचा धपधप आवाज येत होता. अण्णांनी मला कठड्याशी उभं केलं, माझे खांदे धरून, पाठ ताठ करायला लावून. पट्टी आणली नव्हती.

"कुठं लागतो?" त्यांनी विचारलं.

"छातीला," मी म्हटलं.

ते मग माझ्याशेजारी स्वतः उभे राहिले, अगदी ताठ, आणि खाली बघितलं. कठडा त्यांच्या कमरेला लागत होता.

"म्हणजे थोडा वाढलो होतो मी," अण्णा म्हणाले. आणि आम्ही दोघं इतके हसलो की खालच्या गड्यांनी चोपणं थांबवून वर बघितलं.